दार येईपर्यंत

२ मार्च, रविवार
घराचं काम पक्कं केलं. एप्रिलमध्ये मुलीचं, हुई शानचं, लग्न. नवरदेव तिला न्यायला इथेच, या टोआ पायोच्या फ्लॅटवर येणार, वडीलधाऱ्यांना चहा द्यायचा विधीही याच हॉलमध्ये. उखडलेल्या फरश्या आणि गंजकं जाळीचं दार मी व्याह्यांना दाखवणार नाही. कंत्राटदार डेस्मंड को. तिघांशी बोललो, हाच पसंत पडला. बाकीचे दोघं मलाच शिकवत होते, हा माझं ऐकतो. जहाज कंपनीच्या खरेदी खात्यात जन्म गेला माझा, माणूस हात मिळवताच ओळखतो.
निम्मे पैसे आगाऊ दिले. बायको, सिऊ गेओक, म्हणाली, काम बघून दे. तिला धंद्यातलं कळत नाही. ज्याने आपले पैसे घेतले तो आपल्या मुठीत असतो.

६ मार्च
तोडफोड जोरात. स्वयंपाकघर गेलं. संडास-न्हाणी गेली. बाहेरचं दार आणि जाळी उचलून नेली. नवं दार परवा लावतो म्हणाला. "अंकल, तुम्ही फक्त रंग ठरवा." उत्साही माणूस.

९ मार्च
दार नाही. मलेशियातून येतंय. सीमेवरच्या जोहोरच्या पुलावर गर्दी असते, लॉरी अडकली असणार. दाराच्या जागी निळी ताडपत्री बांधली. सिऊ गेओक दवाखान्यात कामाला, हुई शान ऑफिसात. घर उघडं कसं टाकायचं? मी थांबतो. तशी मालकाची देखरेख लागतेच.

१४ मार्च
कामगार फिरकले नाहीत. मित्रांबरोबरची सकाळची कोपी, आपली दाट कॉफी, बंद झाली. खालच्या दुकानात आपली मंडळी बसलेली गॅलरीतून दिसतात, म्हणजे त्यांची टकलं दिसतात. हात केला. वर कोणी बघत नाही.
शेजारच्या झैनबबाई नासी लेमाकचं, नारळी भाताचं, पुडकं देऊन गेल्या. म्हणाल्या, "अंकल, पिंजऱ्याचं दार उघडं आणि पोपट आतच, असं पहिल्यांदाच बघते." हसलो. मनाला लावून घेतलं नाही.

१८ मार्च, सकाळ
डेस्मंड आला! दार तयार आहे, पण कारखानदार पैसे मिळाल्याशिवाय सोडत नाही. आणखी ॲडव्हान्स हवा. ठाम नकार द्यायचा. खरेदी खात्याचा पहिला नियम.

१८ मार्च, दुपार
दिला. पण सही करून घेतली. आता पुरता अडकला बेटा.

२३ मार्च
मायलेकी बेडोकला मेव्हणीकडे राहायला गेल्या. संडासाविना बायकांनी किती दिवस काढायचे, हे मलाही पटतं. मी झैनबबाईंकडे आंघोळ करतो. निघताना सिऊ गेओक म्हणाली, "म्हाताऱ्या, तूही चल." म्हटलं, घर कोण बघणार? म्हणाली, "ज्याने दार नेलं त्याला बघू दे."
उगाच तोडून बोलते.

२९ मार्च
मेव्हणा फोनवर म्हणाला, पोलिसांत जा. त्याला खोलात कळत नाही. तक्रार केली की डेस्मंड बिथरणार, काम टाकणार, दिलेले पैसे बुडणार. त्याला जपायला हवं. 'तब्येत सांभाळा, फार दगदग करू नका' असा निरोप पाठवला. त्याने वाचला. म्हणजे संपर्क तुटलेला नाही.

३ एप्रिल
हुई शान आली. ताडपत्री बाजूला करून आत शिरली, सिमेंटच्या गोणीवर बसली. म्हणाली, "पा, खरं सांग. दार येणार आहे का?" म्हटलं, म्हणजे काय, येणारच. ती बराच वेळ पायाने वाळू सारखी करत राहिली. मग म्हणाली, चहाचा विधी मावशीकडेच करू. आणि जाताना विचारलं, "तू येशील ना?"
बापाला हे विचारायची वेळ तिच्यावर यायला नको होती. ती गेल्यावर जेवण गेलं नाही.

८ एप्रिल
डेस्मंडचा फोन, नव्या नंबरवरून! फक्त वाहतुकीचं थोडं भाडं अडलंय. लगेच पाठवलं. सिऊ गेओकला सांगितलं नाही, दार बघून तिलाच धक्का बसू दे.
नंतर नंबर लागेना. चार्जिंग संपलं असेल.

१३ एप्रिल, रविवार
सकाळी झैनबबाई स्वतःच खुर्ची घेऊन आल्या. "मुलीचं लग्न रोज नसतं. मी बसते, निघा." कोट चढवून गेलो.
मेव्हणीचा हॉल छोटा, पण खाली फरशी होती. हुई शान लाल कपड्यांत समोर गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी पेला पुढे केला. "पा, चहा घ्या." पुढच्या महिन्यात घरी ये, सगळं बघ, असं काहीतरी म्हणायचं योजलं होतं. पेला घेतला. पेला बशीवर खडखडत राहिला. तिनेच माझा हात धरून तो स्थिर केला.
दुपारी हॉटेलात जेवण. मासा आला आणि घराची काळजी लागली. टॅक्सी केली.

१३ एप्रिल, जिन्यात
वही कोटाच्या खिशात होती, म्हणून लिहितो.
दार लागलंय! साधं, तपकिरी, पण दार. क्षणभर वाटलं, जिंकलो. बिचाऱ्या डेस्मंडला सगळे नावं ठेवत होते. आभार मानायला फोन केला. बंद.
मग सिऊ गेओकला केला. मागे गाणी, हसणं. म्हणाली, बेडोकच्या सुताराला तिने सांगितलं होतं. मी निघालो आणि तो आला. ॲडव्हान्स किती, विचारलं. म्हणाली, "दार लावून, कुलूप फिरवून दाखवलं, मग पैसे घेतले."
किल्ली कुठाय? एक तिच्या पर्समध्ये, दुसरी झैनबबाईंकडे. बाई कुलूप घालून मुलाकडे गेल्यात.
माझी?
"तुझी पण करू, थियाम हॉक. बस जरा. फोटो झाले की आम्ही येतो."
कोट काढून पायरीवर बसलोय. चौकट किंचित डावीकडे झुकलेली वाटते. ती आल्यावर सुताराचा नंबर मागून त्याला सांगायला हवं. दार खांद्याने दोनदा रेटून पाहिलं.
पक्कं आहे.