हात वर

मुंबई, ता. ८ जानेवारी १९३५

तीर्थरूप आप्पांचे सेवेशी,
लवूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. मी धड आहे, पण दादूचा पाय गुडघ्याखाली गेला. तो इस्पितळात आहे.

गोदीत मी वर माल उचलायच्या यारीचा दांडा धरतो आणि दादू खाली धक्क्यावरून हाताने खूण करतो, हे तुम्हांस ठाऊक आहे. तुमच्या मचव्यावर हात वर म्हणजे दोर सोड. दोन वर्षे आम्ही इथेही तेच चालवले. काम भरभर होई. नव्या साहेबाने गेल्या आठवड्यात नियम केला, हात वर म्हणजे थांब. आम्ही माना डोलावल्या. शुक्रवारी पोत्यांची झोळी तिरकी झाली आणि दादूने नियमाप्रमाणे हात वर केला. दुसरा कुणी असता तर मी थांबलो असतो. दादूचा हात दिसला नि मी दोर सोडला.

दादूने चौकशीत सांगितले की आपणच चुकीची खूण केली. मला ता. २१ला विचारणार. मुकादम म्हणतो, गप्प बस, नोकरी राहील. काय करू? खोलीत तेराजण आहेत, पण माझ्याशी कुणी बोलत नाही. फार एकटे वाटते.

मायेत अंतर पडू देऊ नये.
आपला लवू

वेळणेश्वर, ता. १३ जानेवारी

चिरंजीव लवूस अनेक आशीर्वाद.
दादूची आई गंगुबाई शेजारून धावत आली. तिला इस्पितळापर्यंतचेच वाचून दाखवले. पुढचे वाचवेना.

ती खूण तुम्हां दोघांच्या हाताला मीच लावली. नवी खूण धरायची झाली की मी महिनाभर जोड्या फोडत असे, कारण ओळखीच्या माणसाची खूण दिसली की आपला हात डोक्याला विचारीत नाही. साहेबाला हे सांग. खरेही सांग. दादूच्या पांगळेपणावर आपले पोट नको.
आप्पा

मुंबई, ता. २३ जानेवारी

ती. आप्पांस सा. न.
खरे सांगितले. साहेबाने विचारले, नियम ठाऊक होता ना? होता, म्हणालो. त्याने माझा निष्काळजीपणा लिहिला नि वही मिटली. जोड्यांचे सांगू लागलो तर घड्याळ पाहिले. मला कामावरून काढले.

दादूला भेटलो. तो चिडला. एकाने तरी कामावर राहायचे होते, म्हणाला, नि भिंतीकडे तोंड केले. यारीवर आता गुहागरचे दोन भाऊ घेतले आहेत, एकाच मचव्यावरचे. त्यांना सांगायला गेलो तर मुकादमाने हाकलले.

गावी कोणत्या तोंडाने येऊ? लोभ ठेवावा.
लवू

वेळणेश्वर, ता. २९ जानेवारी

चि. लवूस आशीर्वाद.
आज तुझी दोन्ही पत्रे गंगुबाईला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवली. खूण मी शिकवली, हेही सांगितले. ती बराच वेळ सुपातले तांदूळ निवडीत राहिली. मग एवढेच विचारलेन, की लवू आता जेवायला कुणाबरोबर बसतो.

तिला काय सांगू ते कळव.
आप्पा