केळी आधीच कापून झाली होती

रावेर, २८ मे १९६४

काल दुपारी रेडिओवर पंतप्रधान गेल्याचं ऐकलं आणि बाजारात पहिलं कुलूप मीच माझ्या केळीच्या आडतीला लावलं. हमालांनाही घरी पाठवलं. आज सकाळी केळीचे बागाईतदार नाना दारात उभे. त्यांची केळी बातमीच्या आधीच कापून झालेली, घड स्टेशनावर उन्हात पडलेले.

"शेठ, आज वॅगन नाही भरली तं बठ्ठा माल गुरांपुढे टाकनं पडी."

समोरच्या ओट्यावरून कापडवाले काका बोललेच, "नाना, आज तरी धंदा राहू द्या."

नानांनी मान खाली घातली. मलाच ते लागलं. एका घरात माणूस गेलं की तिथली चूल बंद असते, शेजारी भाकरी आणतात. पण साऱ्या देशालाच सुतक, मग शेजारी कोणी व्हायचं?

हमालांना बोलावलं. मीही त्यांच्याबरोबर वॅगनपर्यंत घड वाहिले. एरवी भरताना केवढा गलबला असतो. आज कोणी न सांगता सगळे मुके. बरोबर केलं का मी? अजून ठरत नाही. घड उन्हात होते, एवढंच...

वॅगनचं दार लागलं तसे नाना फलाटावरच बसले आणि ढसाढसा रडले. म्हणाले, "कालपासून रडाले सवडच नव्हती, शेठ."