मोटारीसाठी ठरवलेल्या खुणा

दि. ४ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. बाबांचा उजवा खांदा पार गेला आहे. अर्ध्या तलावापर्यंत वल्हं मारतात, मग नुसतं धरून बसतात आणि म्हणतात, वारा पडायची वाट बघतोय. वारा नसतोच. जाळी टाकायची जागा पलीकडच्या काठाला. मी एकटा वल्हवत जाऊन येईतो माल उचलणारा मासळीवाला निघून गेलेला असतो. म्हणून होडीला छोटी मोटार लावायची ठरवली आहे.

आपल्या ऐपतीत दोन बसतात. एक पाण्याने थंड होणारी, वापरलेली. दुसरी हवेने थंड होणारी, नवी आणि हलकी. पण तिचा आवाज फार, असं दुकानदारच म्हणाला. मोटारीचा दांडा होडीच्या मागच्या फळीच्या उंचीला जुळावा लागतो, म्हणून ती उंची मी तीनदा मोजली. दोनदा पंधरा इंच भरली, एकदा साडेपंधरा. या अर्ध्या इंचाचं काय करावं? बाबा आईला म्हणाले, पोरगा मोटार बघतोय की सून, तेच कळत नाही. तुम्ही जन्मभर पंप दुरुस्त केलेत, तुम्हीच सांगा. आईने तुमच्या खोकल्याचं विचारलं आहे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.
तुमचा भाचा

दि. ११ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ. तुझ्या पत्रात एक खाडाखोड नाही. सातवीत शाळा सोडलेल्याने इतकं नीट लिहू नये, शिकलेल्यांची पंचाईत होते.

अर्धा इंच विसर आणि हवेवाली घे. पाण्याने थंड होणारी मोटार तलावाचंच पाणी आत ओढते, आणि तुमच्या तलावात शेवाळ नि गाळ. तिचं तोंड तुंबलं की ती तापून बसणार, आणि भर तलावात तू नि तुझी मोजपट्टी. हवेवालीला ती भानगड नाही. आवाज मात्र तवा बडवल्यासारखा. दाजी पुढे बसून दिवसभर बोलणार आणि तुला एक शब्द ऐकू यायचा नाही. तेव्हा आधी हाताच्या खुणा ठरवा. आणि लवकर घे. त्यांचा खांदा तुझ्या मोजमापासाठी थांबायचा नाही. ताईला सांग, खोकला आहे आणि मीही आहे.

तुझा मामा

दि. २ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि. खुणा ठरल्या. तळवा खाली दाबला की हळू. मूठ म्हणजे थांब. हात छातीशी ओढला की काठाला घे. नाक चिमटीत धरलं की मासळीवाला आला. ही बाबांची भर. होडी काठावरच ठेवून सराव केला. बाबा पुढे माझ्याकडे तोंड करून, मी मागे हातात काठी धरून तोंडाने मोटारीचा आवाज काढत. आई जाळी वाळत घालत होती, ती हसून हसून खालीच बसली.

मोटार अजून घेतलेली नाही. दुकानात लांब दांड्याचीही येणार आहे, ती बघून ठरवतो. अर्धा इंच डोक्यातून जात नाही. रागावून का होईना, पत्र लिहा.

तुमचा मोजपट्टी

दि. ९ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि. बाबा गेल्याचं शेजाऱ्यांनी फोनवर कळवलंच आहे. आजारपणामुळे तुम्हाला येता आलं नाही, ते मनाला लावून घेऊ नका.

झटका आला तेव्हा वाचा गेली आणि उजवं अंगही. डावा हात तेवढा राहिला. दवाखान्यात पाच दिवस आम्ही मोटारीच्या खुणांनीच बोललो. सुई टोचताना ते तळवा दाबायचे, हळू. नर्सलाही ती खूण कळायला लागली. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात छातीशी ओढला. पुन्हा ओढला. काठाला घे.

दोन तपासण्या राहिल्या होत्या, त्या सोमवारी व्हायच्या होत्या. मामा, मला खूण कळली होती. मी न कळल्यासारखं केलं आणि चमच्याने पाणी पाजलं. ते प्यायले. त्यांना तहान नव्हती. सोमवारी सकाळी ते गेले. आमचं घर तिथून चालत वीस मिनिटांवर आहे.

हे आईला सांगितलेलं नाही. होडी विकावी असं वाटतं.

तुमचा भाचा

दि. १६ एप्रिल

चि. भाच्यास,
अ. उ. आ. चूक झाली नाही असं मी लिहिणार नाही. तू मला कधी खोटं लिहिलं नाहीस. एवढंच लिहितो, की तुझ्या जागी मीही पाण्याचा चमचाच पुढे केला असता.

ताईला सांग. आणि मोटार घे. एका माणसाला वल्हं आणि जाळं दोन्ही धरता येत नाही, आणि पोट सुतक पाळत नाही.

तुझा मामा

दि. ५ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि. हवेवाली घेतली. फळीवर चपखल बसली. अर्धा इंच कुठे गेला, कोण जाणे.

आईला सांगितलं. ती बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत राहिली. मग म्हणाली, बाबांनी हात ओढला तेव्हा ती दाराशीच उभी होती. काठावर बसून तिच्याही खुणा पाठ झाल्या होत्या. तपासण्या होऊ देत, असं तिलाही वाटलं होतं.

काल पहिल्यांदा मोटार पाण्यात घातली. मी एकटा मागे बसल्यावर होडीचं नाक वर उचललं जायला लागलं. वजन हवं म्हणून आई पुढे बसली, माझ्याकडे तोंड करून. आवाज तुम्ही लिहिलात तसाच, तव्याचा. अर्ध्या तलावात तिचे ओठ हलताना दिसले. बोलत होती की रडत होती, ऐकू येईना. तिने तळवा खाली दाबला. मी वेग कमी केला. थोड्या वेळाने तिने हात छातीशी ओढला.

जाळी तशीच होडीत होती. मी होडी लगेच वळवली आणि काठाला घेतली.

खोकल्याचं खरं खरं कळवा. आमच्यावर नजर असू द्यावी.
तुमचा मोजपट्टी