सातवा जोड

४ मार्च
जेवताना सूनबाईने सहज सांगितलं — लाँड्रीतला वाफेचा जुना पाइप तपासायला तज्ज्ञ बाई येणार. हातातला घास ताटात ठेवला. सूनबाई रोज त्याच पाइपखाली उभी राहून चादरींना इस्त्री करते. त्याचे बाराही जोड वेल्डिंग शिकवणाऱ्या माझ्या उस्तादने आणि मी मारलेत, बावीस वर्षांपूर्वी. सातवा माझा.

५ मार्च
सातवा जोड मारला त्या संध्याकाळी मुलाची शाळेत शर्यत होती. जोड आपोआप निवायला दोन तास तरी हवेत. मी तापलेल्या जोडावर बादलीभर पाणी ओतलं आणि पळालो! पोरगा तिसरा आला. टाळ्या वाजवल्या, पण मन पाइपपाशीच.
दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर उस्ताद माझ्याआधी हजर. लोखंड तापवायचा गॅसचा टॉर्च पेटलेला, शेजारी जाड कापडाची गुंडाळी आणि किटली. "इतक्या लवकर?" म्हटलं. "चहा उकळतोय, दिसत नाही?" खेकसलाच. तो जाऊन नऊ वर्षं झाली, त्याला काही सांगितलं नाही ते नाहीच.

७ मार्च
जोड म्हणजे एकच लोखंड, असं लोकांना वाटतं. कुठलं! मधे वितळवून ओतलेलं, लांब पाइपचं मूळचं, आणि त्यांच्यामधे नुसतीच भाजून निघालेली अरुंद पट्टी. पाणी पडलं की ती काचेसारखी कडक होते. मग रोज तापायचं, रोज निवायचं — केसाहून बारीक चिरा एकमेकींना गाठत जातात. वरून पत्ता लागत नाही.

८ मार्च
आजही बोललो नाही. भित्रा कुठला!

९ मार्च
सूनबाईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "बाबा, चपला घाला. आत्ताच जाऊ."
लाँड्रीत आलेल्या तज्ज्ञ बाई दोनच जोड तपासणार होत्या, हाताशी येणारे. मी म्हटलं, आधी सातवा बघा. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. "मग ताडून बघायला बाराही बघू. तोवर वाफ बंद."
मॅनेजरने कपाळाला हात लावला. "अहो, चादरींचं काय?"
"चुरगळलेल्या चादरीवरही झोप लागते, साहेब," सूनबाई म्हणाली. अशी आहे आमची!

१२ मार्च
तिसऱ्या आणि दहाव्या जोडाच्या कडेला चिरांची रांगच निघाली. वेळेत सापडल्या. सगळा पाइप नीट होणार, मगच वाफ सोडणार. जीव भांड्यात पडला.
"आणि सातवा?" मी विचारलं.
बाई हसल्या. "आजोबा, बारांत तोच सगळ्यात धडधाकट! पाण्याने कडक झाला असणार, पण नंतर कुणीतरी पुन्हा तापवून, गुंडाळून, सावकाश निववलाय. आता नवे जोडही तसेच करायचे. तुमचंच काम ना हे?"

१३ मार्च
उस्ताद चहा पीतच नसे. आयुष्यात एक कपही नाही!