गाडी कोण चालवत होतं?

दि. ४ मार्च

ति. ताईंना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने घालता, म्हणून पत्रच लिहिते. घाबरू नका, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. गाडीचं मात्र थोबाड फुटलंय. परवा एका फाटकातून बाहेर पडताना तुमच्या बंधुराजांनी ती नेऊन खांबावर घातली. बंपर लोंबतोय, एक हेडलाइट गेला, बॉनेट असं वर आलंय की गाडी जांभई देतेय असं वाटतं. खांबाला साधा ओरखडा नाही.

गॅरेजवाले मामा म्हणजे नमुना आहेत. गाडीभोवती एक फेरी मारली, च्च च्च केलं आणि चहा प्यायला निघून गेले. विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत ते स्क्रूलाही हात लावणार नाहीत. सर्व्हेअर म्हणे सोमवारी येणार. कुठला सोमवार ते विचारायचं नसतं.

हे जरा गप्प गप्प आहेत. गाडी भंगारात देऊन टाकू म्हणतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची वहिनी


दि. ९ मार्च

चि. सौ. वहिनीबाईस,
अ. आ.

पत्र दोनदा वाचलं आणि त्यातलं अक्षरही पटलं नाही. अगं, माझा भाऊ बोळातून ट्रक उलटा काढणारा माणूस. त्याने उभ्या खांबावर गाडी घातली? खांब काय पळत आला होता? आणि भंगारात? नवीन सीटकव्हर घातली तेव्हा महिनाभर मला नीट टेकू दिलं नव्हतं त्याने!

शिवाय ‘एका फाटकातून’ म्हणजे कुठल्या? तू भाजीवाल्याच्या सात पिढ्या सांगणारी बाई, आणि इथे नेमकं फाटक गाळलंस? गेल्या वर्षी तू या वयात गाडी शिकायला लागलीस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. हौस म्हणून शिकते म्हणालीस. तुझी हौस मला माहीत आहे, तुला झोपाळ्यावरही गरगरतं.

खरं काय ते लिही. मी रागावणार आहेच, पण लवकर लिहिलंस तर कमी रागावेन.

तुझी, सध्या खवळलेली,
ताई


दि. १३ मार्च

ति. ताईंना,
सा. न. वि. वि.

पकडलंत. गाडी मी चालवत होते. आणि फाटक डोळ्यांच्या दवाखान्याचं होतं.

यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झालाय. कडेकडेचं दिसतं, मधलं सगळं धुरकट. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, माणूस ओळखतात ते आवाजावरून. डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकवू, गेलेलं परत यायचं नाही. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला जावं लागतं, त्यासाठीच मी गाडी शिकले. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. म्हणतात, लहानपणी ताई बोट धरून शाळेत न्यायची, आता पुन्हा तिला बोट धरायला लावू का?

आता खरी पंचाईत ऐका. धडक बसली आणि मी रडायलाच लागले. यांनी तिथूनच विमा कंपनीला फोन करून ठोकून दिलं की गाडी मी चालवत होतो. मला वाचवायला म्हणे! अहो, यांच्या लायसन्सची मुदत कधीच संपलीय. सर्व्हेअरने फोनवर नेमकं तेच मागितलंय. खोटं उघडं पडलं की क्लेम गेला, क्लेम गेला की गाडी गेली, पदरचे घालून दुरुस्ती करणं आम्हाला झेपायचं नाही. आणि खरं सांगून टाकलं तर यांना परक्या माणसासमोर कबूल करावं लागेल की आपल्याला दिसत नाही. त्यापेक्षा गाडी गेलेली परवडली, म्हणतात. मी काय करू, ताई?

रागावून झालं की लोभ पुन्हा सुरू करा.
वहिनी


दि. १७ मार्च

चि. सौ. वहिनीबाईस,
अ. आ.

आधी रडले, मग संतापले, मग चहा केला. मी इतकी वर्षं कानात यंत्र घालून मिरवते आणि हा शहाणा डोळे लपवतो! तू बिनधास्त खरं सांगून टाक. तुझ्याकडे लायसन्स आहे. नवशिक्या बाईने खांब ठोकला तर आभाळ कोसळत नाही, विमा त्यासाठीच असतो. गाडी गेली तर हा घरात कोंडून घेईल आणि शेजारी तुलाही बसवेल. ते मला चालायचं नाही.

आणि त्याला एवढं वाचून दाखव. बोट मी त्याच्यासाठी धरत नव्हते. शाळेसमोरचा रस्ता ओलांडायला मलाच भीती वाटायची.

तुम्हा दोघांवर जीव आहे, एरवी कमी सांगते इतकंच.
ताई


दि. २६ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर बघून हसू नकोस. जाड स्केचपेन घेऊन मीच लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर तुझी तू सोडव.

सर्व्हेअर गॅरेजवर आला. गाडी कोण चालवत होतं, विचारलं. ही तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो की बायको चालवत होती, मी खोटं बोललो, कारण मला दिसत नाही हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. बोलून टाकलं आणि फार हलकं वाटलं गं. सर्व्हेअर म्हणाला, दवाखान्याच्या रखवालदाराने हे सगळं त्याला आधीच सांगितलंय. बाई रडत होत्या आणि साहेब खाली उतरून खांबाची हात जोडून माफी मागत होते. तो माणूस नसून खांब आहे हे मला हात जोडून झाल्यावर कळलं होतं. ही इतकी हसली की मामांचा चहा सांडला.

जबाब नव्याने लिहून घेतला, थोडी बोलणी खाल्ली, क्लेम मंजूर झाला. काल गाडी घरी आली. ही चावी हातात घेईना. मग मी जाऊन शेजारच्या सीटवर बसलो आणि उतरायचं नावच काढलं नाही. शेवटी आली. मी इतक्या सूचना दिल्या की तिने मला वाटेत उतरवायची धमकी दिली. मस्त चालवते.

रविवारी आम्ही तुझ्याकडे येतोय. ती चालवेल. रस्ता मला पाठ आहे, वळणं मी सांगेन. तू दारात उभी असशील, पण मला तुझा चेहरा दिसायचा नाही. मी नुसताच बघत राहिलो तर रुसू नकोस, ताई. आधी तू हाक मार.

तुझा
धाकटा