ढेकरबाई

९ जून १९८६

आजही लंगोटच मोजले! वर्षभर मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलात घासून आले. गळ्यातली नळी बदलायची कशी, विजेच्या शेकाने भाजलेली कातडी जपायची कशी, ज्याला घास गिळवत नाही त्याला भरवायचं कसं — सगळं शिकले. आणि रत्नागिरीला परतल्यावर मेट्रनबाईंनी टाकलं कुठे, तर बाळंतिणींत! "गुणवंती, आपल्याकडे कॅन्सरचा वॉर्डच नाही, मग कॅन्सरची नर्स ठेवू कुठे? डोक्यावर?" बोलणं खरं आहे. म्हणूनच जास्त झोंबतं.

लांज्याला आई गावभर सांगत सुटलीय, "पोर मोठ्या आजाराची नर्स झाली." मोठ्या आजाराची नर्स दुपट्यांच्या घड्या घालतेय म्हणावं.

११ जून

आला! माझा पेशंट आला!

मिरकरवाड्याचे दत्ताराम. धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारायचे. माझ्या खोलीत राहणारी विमला तिथलीच. ती म्हणते, दत्तारामांनी धक्क्यावर बोली पुकारली की आमच्या घरातलं मांजर उठून बसायचं. स्वरयंत्राला कॅन्सर झाला. फेब्रुवारीत मुंबईला स्वरयंत्र काढलं, मग शेक दिले. आता श्वास गळ्याच्या भोकातून, वर पातळ फडकं. तोंडातून वारा येत नाही, म्हणजे आवाज नाही. रोग गेला, पण माणूस मुका झाला.

सोबत बायको, सत्यवती. मी विचारलं, "काका, जेवण जातं ना?"

"जातं हो, तिखट तेवढं नाय सोसत," — सत्यवती.

"झोप?"

"ह्यांना लागते. आता घोरत नायत ना, म्हणून मलाच लागत नाय!"

माणूस तोंड उघडतो आणि बाई बोलून मोकळी. शेवटी मी काकांच्या हातात पाटी दिली. शाळा दुसरीत सोडलेली. त्यांनी पाटीवर मासा काढला आणि परत दिली. बांगडा होता. चांगला ओळखू येत होता.

निघताना सत्यवतीने खरी गोष्ट सांगितली. नारळी पौर्णिमा झाली की होड्या बाहेर पडणार, धक्का सुरू होणार. तोवर हे बोलले नाहीत तर पुकारायचं काम चुलतभाऊ धाकूकडे जाणार. "धाकू वाईट नाय ओ. पण मग ह्यांनी दिवसभर करायचं काय? माझ्या तोंडाकडं बघत बसायचं?"

काकांनी मान फिरवली. मी म्हटलं, बोलतील. पटकन बोलून गेले. आता निस्तरा!

१२ जून

मेट्रनबाईंकडे गेले. "दुपारच्या सुट्टीत कर काय करायचं ते. नारळी पौर्णिमेपर्यंत. बोलला तर बघू. नाही बोलला तर हे खूळ बंद, आणि पुन्हा माझ्याकडे कॅन्सर-कॅन्सर करायचं नाही."

बघूच!

१५ जून

पहिला धडा. मुंबईला फिलोमिना सिस्टरनी शिकवलं तसंच शिकवलं. जिभेने हवा मागे ढकलायची, घशाखाली घासाच्या वाटेवर जरा धरायची आणि ढेकर देऊन वर सोडायची. त्या ढेकरावर शब्द बसवायचा. सुरुवात प, ट, क पासून, कारण ही अक्षरं हवा आपोआप आत ढकलतात. सांगायला सोपं आहे.

करून दाखवायला मात्र मला लागतं. लहानपणी ढेकर दिला की आई पाठीत धपाटा घालायची — "मुलीची जात ना तू!" आता पगार घेऊन देते. "प" — ढेकर. "पा" — ढेकर. दत्तारामकाका लाजून खिडकीबाहेर बघत बसले. सत्यवतीने तोंडात पदर कोंबला होता, खांदे गदगद हलत होते.

काकांकडून काहीच आलं नाही.

२१ जून

काल रात्री खोलीत सराव करत होते. शेजारच्या आनंदीबाई, आमच्या वॉर्डातल्या आया, वाटीत ओवा आणि हिंग घेऊन हजर! "गो बाय, रोजचं ऐकतेय मी. पोटाकडं दुर्लक्ष करू नये." विमला गादीवर लोळून हसली. मग तिनेच नाव ठेवलं — ढेकरबाई. सकाळपर्यंत हॉस्पिटलभर झालं. आज वॉर्डबॉयसुद्धा म्हणाला, "ढेकरबाई, डाक्टर बोलावतायत."

मेल्यांनो, हसा.

२८ जून

काही नाही. फुस्स.

३ जुलै

दत्तारामकाका आले नाहीत. काल पण नव्हते आले.

४ जुलै

आज सुट्टीत सरळ मिरकरवाड्यात गेले. काका पडवीत जाळं विणत बसलेले. मला बघून उठले आणि आत निघून गेले. काय म्हणावं!

सत्यवती म्हणाली, "रागावू नको बाय. ज्यांच्या आवाजाला मुंबयचे व्यापारी दबकत, त्यांनी चार माणसांत ढेकर द्यायचे? पोरं हसतील म्हणतायत."

"म्हणतायत? कशाने म्हणतायत?"

"मला कळतं ना."

माझं डोकंच फिरलं. मी पडवीतून आत ओरडले, "हसू देत की! हॉस्पिटलभर मला ढेकरबाई म्हणतात. ओवा आणून देतात लोक. मी मेले का? मी बिनआजाराची दिवसभर ढेकर देते, आणि तुम्हाला लाज!"

आतून एक शीळ आली. गळ्याच्या भोकातून! मला वाटलं श्वास अडकला, धावले आत. तर काका भिंतीला टेकून हसत होते. आवाज नाही, नुसता वारा. डोळ्यांतून पाणी. मग मीही हसले, आणि हसता हसता रडले, खोटं कशाला बोलू.

येताना सत्यवतीने सुके बोंबील बांधून दिले. नको म्हटलं तरी ऐकते थोडीच.

५ जुलै

आले. माझ्या आधी बाकावर बसलेले!

१४ जुलै

एक ढेकर आला, बारीकसा. त्यावर अक्षर नाही, पण ढेकर आला. आम्ही तिघांनी मोठं काही झाल्यासारखे चेहरे केले. झालंच होतं.

१८ जुलै

फिलोमिना सिस्टरचा निरोप आला, मुंबईहून आलेल्या एका नर्सबरोबर. त्यांच्या वॉर्डात जागा होतेय. "तिकडे लंगोट मोजत बसू नकोस, इकडे ये." विमला म्हणते, विचार कसला करतेस? बांध पेटी! खरंच कसला करतेय? तिथे गळ्याचे पेशंट रांगेने असतात, शिकवणारे असतात, नर्सला डॉक्टर विचारतात तरी. इथे माझा एक पेशंट, तोही न बोलणारा.

सिस्टर मला नेहमी बजावायच्या ते आठवलं — "समोर बसून पेशंट बोलला, तर हुरळून जायचं नाही हं. ओठ बघून आपण निम्मं समजून घेतो. फोनवर बोलला की समजायचं, बोलला." काकांच्या घरी फोन कुठला! आणि बोलणंच कुठलं.

नारळी पौर्णिमेपर्यंत थांबते. मग उत्तर देईन.

२६ जुलै

"प" आला. "ट" पण. सुट्टी संपेपर्यंत दोन्ही परत गेले. समुद्राच्या भरतीसारखं चाललंय यांचं.

सत्यवतीला बाहेर बसवायला हवं. ते "प" म्हणायच्या आधी ती "पा" म्हणते.

१ ऑगस्ट

घाई न करता, नीट लिहिते.

सत्यवतीला आज व्हरांड्यात बसवलं. ती थोडीच रिकामी बसते! पिशवीतून सोडे काढले — उन्हात खणखणीत वाळवलेली सोललेली कोळंबी — आणि मांडली दुकानदारी. श्रावण तोंडावर आलाय, नारळी पौर्णिमेपर्यंत मासळी बंद, त्याआधी शेवटचं खाऊन घ्यायचं, म्हणून नर्सा तुटून पडल्या. काका आणि मी आत "पा-पा-पा" करत होतो.

तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. मला वाटलं, आता सगळ्यांची खरडपट्टी. तर बाई सोड्यांपाशी वाकल्या! "पाव किलोला काय घेतेस?"

"पंधरा."

"दहा देईन."

"बाईंसाठी बारा," सत्यवती म्हणाली. मेट्रनबाई आहेत, नवऱ्याचा धडा त्यांच्या मर्जीवर, म्हणून बिचारी उतरली. मेट्रनबाई पाकीट उघडायला लागल्या.

आणि माझ्यासमोरून दत्तारामकाका उठले. दारात गेले. मान ताठ केली —

"पंद्रा!"

खर्जातला, जाडाभरडा, ओबडधोबड. पण शब्द! स्पष्ट!

मेट्रनबाईंचा हात पाकिटातच राहिला. काकांना स्वतःलाच कळेना कोण बोललं. त्यांनी मागे वळून पाहिलं, अगदी देवाशप्पथ! सत्यवती "अगो बाय, अगो बाय" करत खालीच बसली. जन्मभर भाव तोडून दिला नाही त्या माणसाने, आणि बायको डोळ्यांदेखत तोडतेय म्हटल्यावर राहवेल कसं?

मेट्रनबाई म्हणाल्या, "घ्या बाई पंधरा. घासाघीस करायची हिंमत नाही आता माझी." सोडे घेऊन गेल्या. दहा पावलांवर थांबून डोळे पुसताना मी पाहिलं.

मी सांगून सांगून थकले, आणि गुरू ठरले सोडे! ठरू देत.

६ ऑगस्ट

पंद्रा, बारा, पाच, पाटी, काटा, "पोटात दुकतंय" — सगळं येतंय! "सत्यवती" मात्र येत नाही. स आणि व त्रास देतात. ती म्हणते, "नाव घ्यायचं नसतंच मुळी नवऱ्यानं. बरंय!"

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. धक्क्यावर नारळ सोडला. मी ड्युटीवर होते, पण विमलाने सांगितलं — काका फडक्यावर दुसरं फडकं बांधून लांब उभे राहिले. पाणी गळ्याच्या भोकात गेलं तर जीवावरचं. मी दहादा बजावलंय. ऐकलं म्हणजे!

२४ ऑगस्ट

पहिल्या होड्या आल्या. विमला आणि मी पहाटे धक्क्यावर गेलो. केवढा तो कालवा! कावळे, व्यापारी, बर्फाच्या गाड्या, आणि त्या मासळीवाल्या बायका — जिल्ह्यात त्यांच्यापुढे कोणाचं तोंड चालत नाही. या गलक्यात काकांचा खर्ज ऐकणार कोण?

धाकू पुढे झाला आणि मासळीच्या पाटीसमोरून बाजूला सरला. म्हणाला, "दादा, व्हा पुढं." भला माणूस! काका उभे राहिले. हवा घेतली. "पाटी... पन्नास."

कोणाला ऐकू गेलं नाही. मग चिमा नावाची एक म्हातारी, फाटक्या तोंडाची म्हणून प्रसिद्ध, खेकसली, "गप्प रवा गो सगळ्यांनी! दत्ताराम बोलतोय!"

आणि गप्प झाल्या! मिरकरवाड्याच्या बायका गप्प झाल्या, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. काकांनी पुढची बोली पुकारली, त्याच्या पुढची पुकारली. व्यापारी माना पुढे काढून ऐकत होते. सत्यवती लांब उभी होती, तोंडावर हात दाबून. एक अक्षर बोलली नाही.

सुटले बाई. सुटले! येताना रस्त्यात दोन चहा प्यायले.

२५ ऑगस्ट

विमला आज सहज म्हणाली, "अगं, काका बोटं पण दाखवत होते की. आणि तिथं त्यांना ओळखत नाही असं कोण आहे?"

तेव्हापासून डोक्यात किडा. खरंच बोलले, की सगळ्यांनी प्रेमाने समजून घेतलं? मी तरी ऐकते, की ओठ वाचते? मेट्रनबाईंनी आज विचारलं, "काय मग, बोलतो ना तुझा लिलाववाला? चिपळूणहून एक तसलाच पेशंट पाठवू म्हणतायत. स्टोअरजवळची खोली तुला देऊ का मुंबईला चाललीस?" मी म्हटलं, चार दिवसांनी सांगते.

२९ ऑगस्ट

मुंबईला जात नाही. का ते लिहून ठेवते.

दुपारी खालून केरू आला. टेलिफोनवर नवा लागलाय, गुहागरचा. इथे कोणाला ओळखत नाही. "सिस्टर, तुम्हाला फोन आहे. बर्फाच्या कारखान्यातून."

रिसीव्हर कानाला लावला. आधी नुसती घरघर. मग — "बाई. दत्ता... बोलतोय. पापलेट... ठेवलंय. कधी... येताय?"

मागे सत्यवतीचा आवाज नाही. कोणाचाच नाही. ओठ दिसत नव्हते, बोटं दिसत नव्हती. शब्दन् शब्द कळला.

मी "येते, येते" एवढंच म्हटलं. फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसले. केरू म्हणाला, "कोण ओ ते?"

"धक्क्यावर लिलाव पुकारतात."

"तरीच," केरू म्हणाला. "ओरडून ओरडून घसा बसलाय बिचाऱ्याचा."