बाबांच्या एकशेबारा कॅसेट

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.
आजपासून कामाला सुरुवात. बाबा व्हायोलिन वाजवायचे, आई गायची, शेजारचे येऊन बसायचे आणि बाबा ते सगळं टेप करायचे. अशा एकशेबारा कॅसेट. रोज चार कॉम्प्युटरवर घेतल्या की अठ्ठावीस दिवसांत काम फत्ते. ३१ला आईचा ऐंशीवा वाढदिवस. आदल्या दिवशी सगळं तयार.
धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, एखाद्या स्टुडिओत देऊन टाकू. त्याला सांगितलं, बाबांचं संगीत म्हणजे ड्रायक्लीनिंगचे कपडे नव्हेत. या कामाला थंड डोकं लागतं आणि ते घरात एकट्या माझ्याकडे आहे.
संकल्प : चिडायचं नाही.

बुधवार, ५ मार्च.
माळ्यावरून बाबांचा टेप डेक काढला. त्याने पहिलीच कॅसेट गिळली. बोटभर टेप बाहेर, बाकीची आत, रोलरला गुंडाळलेली. शांतपणे प्लग काढला. डेकला एक टपली मारली. मग जरा मोठी टपली.
बायको म्हणते, टपलीने झाकण उडून समोरच्या गॅलरीत जात नाही. तिला मेकॅनिक्समधलं काही कळत नाही.

शनिवार, ८ मार्च.
डेक घेऊन रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेलो. म्हातारा आहे, डोळ्याला भिंग लावून बसतो. म्हणाला, बेल्ट सैल झालाय, हेड घाण झालंय, आणि याला मारलंय कुणी? शेवटचा प्रश्न कामाशी संबंधित नव्हता. ते पटवून द्यायला मी टेबलावरची सोल्डरिंगची कांडी उचलली. गरम बाजूने.
तळहातावर फोड आलाय. काउंटरची काच फुटली ती माझा हात झटकला गेला म्हणून. त्याने बेल्ट बदलून दिला, पण म्हणाला, मुक्या वस्तूला मारणाऱ्याने पुन्हा या दुकानात यायचं नाही. धंदा असा करतात का?
झालेल्या कॅसेट : शून्य. पण पाया भक्कम.

गुरुवार, १३ मार्च.
अकरा नंबरची कॅसेट अडकत होती, उघडायला गेलो तर स्क्रू फिरेना. स्क्रूड्रायव्हर, मग पक्कड, मग हातोडी. हातोडीने फिरला नाही, पण प्रश्न मिटला. अंगठ्याचं नख काळंनिळं. अकरा नंबर गेली. बारा आणि तेरा शेजारीच ठेवलेल्या होत्या, त्याही गेल्या.
नवा हिशोब : रोज सहा.

बुधवार, १९ मार्च.
डेकची वायर लॅपटॉपला बसत नाही. हरकत नाही. लॅपटॉपचा माइक चालू ठेवायचा, डेक समोर वाजवायचा. फक्त घरात पूर्ण शांतता हवी. पंखा बंद, मिक्सर बंद, बेलची वायर मी उपटून टाकली.
बरोबर आलाप रंगात आला आणि बायको शिंकली. मी चप्पल भिंतीवर फेकली. ती त्याच भिंतीपाशी उभी होती हा योगायोग.
संध्याकाळी ती बॅग भरून बहिणीकडे गेली. आता घर एकदम शांत आहे. रेकॉर्डिंगला उत्तम.

रविवार, २३ मार्च. दुपार.
डाव्या हाताने लिहितोय, उजव्याला बँडेज आहे.
सकाळी रेकॉर्डिंग छान चाललं होतं. तेवढ्यात धाकटा स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत आला. हातात रिकामं खोकं. म्हणाला, उरलेल्या मी घेऊन जातो, तुझ्या हातून एकही वाचायची नाही. मी खोकं धरलं. त्याने माझी कॉलर धरली. मग कुणी कुणाचं काय धरलं ते सांगता येणार नाही. तो माझ्या हाताला चावला. वय वर्षं एकोणपन्नास आणि चावतो. शेल्फ आडवं झालं, कॅसेटवर आम्ही दोघं. माझ्या हातात डेक आला. तो मी वापरला.
त्याच्या भुवईवर आठ टाके. हॉस्पिटलात त्याने सांगितलं, जिन्यावरून पडलो. तेवढी अक्कल आहे त्याला.
आई दारात उभी होती. टेबलावरचे कप उचलून कपाटात ठेवले, कपाट लावलं आणि आपल्या खोलीत गेली. आईचा नीटनेटकेपणा वाखाणण्यासारखा आहे.

सोमवार, २४ मार्च.
डेकचे चार तुकडे. कॅसेटचा नुसता चुरा, धड अशी एकही सापडली नाही. पण गंमत म्हणजे काल लॅपटॉप चालूच होता. एक फाइल सेव्ह झालीय, वीस मिनिटांची. एकशेबारापैकी एक. आईला एकच पुरे, तिला गर्दी आवडत नाही. आधी ऐकायची नाही, दोघांनी एकदमच ऐकायची.

सोमवार, ३१ मार्च.
धाकटा आला नाही. बायकोने फोन केला, आईलाच. आम्ही दोघंच.
फाइल लावली. बाबांचं व्हायोलिन, मग आईचा आवाज, पस्तिशीतला. आई गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होती. मी म्हटलं, बघ. अकरा मिनिटं झाली आणि दार उघडल्याचा आवाज, मग आरडाओरडा, शिव्या, काहीतरी फुटल्याचा आवाज, पुन्हा शिव्या. बंद करायचं बटण मला सापडेना.
आईची बोटं थांबली. म्हणाली, "ही टेप कुठे मिळाली तुला? ही मी पुसली होती."
मी म्हटलं, कुठली?
"ह्यांचा आवाज आहे हा." थोडा वेळ ऐकत राहिली. "त्या दिवशी कोण सापडलं होतं रे ह्यांच्या तावडीत? तू, का धाकटा?"
मी म्हटलं, धाकटा.
तिने मान हलवली. म्हणाली, गाणं तेवढं ठेवता येतं का? म्हटलं, येतं. मग अकरा मिनिटांच्या पुढचं सगळं कापलं. सोपं आहे, एका बटणाचं काम.
बाबांनी कधी हात उगारल्याचं मला आठवत नाही. धाकट्याला आठवतं का, विचारावं म्हणून फोन केला.
त्याने उचलला नाही.